कांद्याच्या दिवसांतलं पळणं

पुन्हा कांदा काढायला सुरुवात झाली आहे. राजुरीत ही बातमी कुणाला सांगावी लागत नाही. सकाळी दार उघडलं की वास आत येतो. ओल्या मातीचा, कापलेल्या पातीचा, थोडा गोडसर, थोडा डोळ्याला झोंबणारा. वावरात बायका ओळीनं बसलेल्या असतात, विळ्यानं पात कापल्याचा करकर आवाज एका लयीत चालू असतो. पलीकडे गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडत चाललेल्या, ऊस तुटून गेलेल्या फडावर एकदम मोकळं झालेलं आभाळ. सगळं दरवर्षीसारखंच. पण अलीकडे हा वास आला की माझे पाय एका जागी राहत नाहीत.

आमचं खता-बियाण्यांचं दुकान आहे, वेशीजवळ. दुपारपर्यंत गल्ल्यावर मी बसते. या दिवसांत गिऱ्हाईक एक औषध मागतं आणि मी दुसरंच काढून ठेवते. पुन्हा उठते, दारात जाते, कॅनॉलच्या बाजूला बघते, परत येऊन बसते. हे म्हणतात, "तू एक तर बस, नाहीतर जा. माझं लक्ष लागत नाही." मी बसते. थोड्या वेळानं माझा मलाच पत्ता लागतो की मी पुन्हा दारात उभी आहे.

याची सुरुवात झाली ती पुण्याहून आलेल्या काही लोकांपासून. गावातल्या कॉलेजच्या मुलींना वाट दाखवायला, त्यांच्याशी आठवड्यातून एकदा बोलायला त्यांना त्याच भागातल्या स्वयंसेवक बायका हव्या होत्या. मेंटॉर म्हणायचं आम्हाला. जुन्नरला एका हॉलमध्ये दिवसभर शिकवलं, चहा-पोहे दिले, गळ्यात अडकवायला नावाची पट्टी दिली. घरी आले तर सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून मॉनिटर झालीय." मी दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. तो शब्द मलाही जास्त ओळखीचा होता.

ती माणसं वर्षभरानं यायची बंद झाली. मुली मात्र राहिल्या.

माझ्या वाट्याला दोघी आल्या होत्या. साक्षी आमच्याच गावची, दत्ताभाऊंची थोरली. ठेंगणी, रुंद खांद्यांची, बोलता बोलता टाचा वर करून उभी राहायची सवय असलेली. दुसरी ऋतुजा, पिंपरी पेंढारची. कॉलेजसाठी राजुरीत मामाकडे राहायची. उंच, हसरी, आणि कामात पुरेपूर आळशी. दोघींना पोलीस भरतीला उभं राहायचं होतं. साक्षीला मनापासून, ऋतुजाला साक्षी जाते म्हणून. शिवाय सकाळी पळायला गेलं की मामीच्या हाताखाली भाकरी थापायचं टळायचं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

पहिल्या भेटीसाठी मी तयारी करून बसले होते. कोणते अभ्यासक्रम, कोणत्या नोकऱ्या, आत्मविश्वास कसा वाढवायचा. मी बोलत होते आणि साक्षी एकसारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मला वाटलं कंटाळली. शेवटी तीच म्हणाली, "काकू, तुमच्या मोबाईलमधी सेकंदाचं घड्याळ हाय का?"

"असेल की."

"मग सकाळी कॅनॉलवर या ना. आमी पळतो, पण वेळ लावायला कोणच न्हाई."

मी कॉलेजात असताना खो-खो खेळायचे. लग्नानंतर या गावात मी कधी रस्त्यानं भरभर चाललेसुद्धा नव्हते. सून माणूस पळताना दिसलं की लोक आधी विचारतात, घरात काय झालं. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास मी स्वेटर घालून, डोक्याला स्कार्फ बांधून कॅनॉलच्या रस्त्यावर उभी होते.

ते पाणी अजून डोळ्यांसमोर आहे. वरून वाफ निघायची, जणू कुणी खालून चूल पेटवली आहे. काठाच्या गवतावर दव असायचं, मुलींचे बूट पहिल्याच फेरीत भिजायचे. मध्ये एक उसाचा फड होता. तो आला की दोघी मोठमोठ्यानं बोलायला लागायच्या, ऋतुजा मोबाईलवर गाणं लावायची. फडाच्या कोपऱ्यावर दत्ताभाऊ आपला पिकअप आणून उभा करायचे, दिवे चालू ठेवून. मुली पलीकडे गेल्या की दिवे बंद. परत येताना दिसल्या की पुन्हा चालू.

"बिबट्या बसलेल्या माणसावर जातो," ते एकदा म्हणाले. "उभ्या माणसाच्या वाटंला जात न्हाई सहसा."

"आणि पळणाऱ्या माणसाच्या?" ऋतुजानं विचारलं.

दत्ताभाऊंनी दिवे पुन्हा चालू केले.

साक्षी पळायची तेव्हा बघत राहावंसं वाटायचं. तिच्या पळण्यात देखणेपणा नव्हता. ती जमिनीला धरून पळायची, मान थोडी पुढे, मुठी घट्ट. पण सुरुवातीला जो वेग धरायची तोच शेवटपर्यंत. ऋतुजा पहिल्या वळणावर फुलपाखरासारखी पुढे असायची, दुसऱ्या वळणावर कमरेवर हात. साक्षी माझ्यासमोरून गेली की अंगावर वारा यायचा, कांद्याच्या पातीचा वास घेऊन. ती थांबायची, वाकायची, तोंड वर न करता विचारायची, "किती?" मी सांगायचे. ती मान हलवायची. कालच्यापेक्षा कमी असेल तर हसायची नाही, जास्त असेल तर रडायची नाही. "अजून हाय," एवढंच म्हणायची.

त्याच दिवसांत कांदे काढायला मढच्या बाजूची काही कुटुंबं आली होती. भातखाचरं उन्हाळ्यात मोकळी असतात, म्हणून वरून डोंगरातून माणसं खाली कामाला येतात. त्यांच्यातली एक मुलगी, सुरेखा तिचं नाव, रोज लांब उभी राहून आमच्याकडे बघायची. एका सकाळी तिनं चपला काढल्या, हातात घेतल्या आणि साक्षीच्या मागे पळायला लागली. पूर्ण फेरी. आली तेव्हा तिला धापसुद्धा लागलेली नव्हती. नंतर पंधरवडाभर रोज यायची. मी तिला विचारलं, पुढे शिकायचंय का, भरतीला बसायचंय का. ती लाजून हसायची, म्हणायची, "आईला इचारते." मग एक दिवस त्या वावरातला कांदा संपला. त्यांची पाचटाची कोपी उठली. चुलीचे तीन दगड तेवढे मागे राहिले. तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता, कारण तिच्याकडे फोनच नव्हता. नंतर पावसाळ्यात आम्ही माळशेजला चाललो होतो, तर मढ आल्यावर मी गाडीच्या काचेला नाक लावून बसले. इरलं पांघरून, गुडघाभर चिखलात भाताची आवणी करणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बघत होते. हे म्हणाले, "कुणाला शोधतेस?"

पोलीस भरतीला ठरावीक उंची लागते, ती साक्षीची मी दुकानातच मोजली. तिनंच सांगितलं, मोजा म्हणून. भिंतीला पाठ लावून, डोक्यावर लाकडी फळी आडवी ठेवून, शिंप्याच्या टेपानं. दोनदा मोजली. मग तिला खरं ते सांगितलं.

"कमी भरतेय, साक्षी."

"किती?"

मी माझ्या करंगळीचं नख दाखवलं.

"एवढंच?" तिला हसूच आलं. "एवढं तर वाढंल, काकू."

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीची उंची वाढत नाही, हे मला माहीत होतं, तिलाही असणार. पण नखाएवढ्या गोष्टीसाठी माणूस प्रयत्न सोडत नाही. मैल कमी पडत असता तर तिनं सोडून दिलं असतं. नख माणसाला सोडत नाही.

मग गाव कामाला लागलं. ज्याला त्याला औषध माहीत. कुणी दोरीवरच्या उड्या सांगितल्या, कुणी चणे भिजवून खायला सांगितले, कुणी उशी काढून जमिनीवर झोपायला. घरामागच्या चिंचेच्या फांदीला साक्षी सकाळ-संध्याकाळ लटकायची. तिच्या आई, शालनवहिनी, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "बघा हो, मांडवाला दुधी लटकावा तशी लटकतीय. ह्या पोरीला दळण आणायला सांगितलं तर हात दुखतात."

चहाच्या टपरीवर एक म्हातारे होमगार्ड बसायचे. त्यांनी नवीनच सांगितलं. माणूस सकाळी उंच असतो, दिवसभर उभा-बसता राहून दबतो आणि संध्याकाळपर्यंत थोडा ठेंगणा होतो. आम्ही हसलो. पण साक्षीनं ते मनावर घेतलं. तिनं मला भल्या सकाळी घरी बोलावलं. अंथरुणातून उठली ती सरळ भिंतीला जाऊन चिकटली. मी फळी ठेवली, टेप लावला, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

टेपावर हव्या असलेल्या रेषेला ती टेकत होती.

आता प्रश्न असा होता की भरतीच्या दिवशी राजुरीपासून पुण्याला मोजमाप होतं त्या मैदानापर्यंत तिला सकाळसारखी कशी न्यायची? उत्तर दत्ताभाऊंनी दिलं. त्यांनी पिकअप धुतला, मागे दोन गाद्या अंथरल्या, बाजूंना चादरी बांधल्या. साक्षी घरातून निघाली तीही चालत नाही. बापानं आणि भावानं तिला आडवी उचलून गाडीत ठेवली. मी तिच्याशेजारी बसले. ऋतुजा पुढे दत्ताभाऊंजवळ, खिडकीत, आरामात. तिला उंचीची काळजी नव्हती.

असा प्रवास मी कधी केला नाही. कितीही धुतलं तरी पिकअपला कांद्याचा वास होताच. फटीत अडकलेली सालं वाऱ्यानं सुटून आमच्या अंगावर येत होती. साक्षी उताणी पडून आभाळाकडे बघत होती आणि मला प्रवास सांगत होती. "आळेफाटा आला. केवढ्या तारा हायेत, काकू, वर बघितलं व्हतं का कधी?" नारायणगावला, "ह्या रस्त्याला झाडं व्हती ना लई? सगळी गेली." मग तिचे पाय हलायला लागायचे. गुडघे थरथरायचे, टाचा गादीवर आपटायच्या. मी हात ठेवला की ते थांबायचे, काढला की पुन्हा सुरू. पळायची सवय लागलेलं शरीर, त्याला निजून राहा म्हणायचं. मला वाटलं, माझ्या हाताखाली एखादं करडू आहे.

मंचरला चहासाठी थांबलो. स्टँडजवळच्या हॉटेलातली एक बाई चहा घेऊन गाडीपाशी आली, आत डोकावली आणि तिचा चेहराच बदलला. "काय झालं हो पोरीला? पडली का?"

"नाही हो, बरी आहे ती."

"मग उठवा ना. चहा तरी पिऊ द्या."

"नको मावशी," साक्षी खालून म्हणाली, "उठले तर बुटकी हुईन."

त्या बाईनं माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मी दुसरीकडे तोंड फिरवलं. तिनं साक्षीच्या कपाळाला हात लावला, ताप नाही हे बघितलं, आणि चहाचे पैसे घ्यायला तयार होईना. म्हणाली, "दवाखाना चांगला बघा, पावणं. घाई करू नका." दत्ताभाऊंनी होय होय म्हणून गाडी सुरू केली. चाकणपर्यंत आम्ही हसत होतो. साक्षी तर हसता हसता कुशीवर कलंडली, आणि मी ओरडले, "सरळ! सरळ राहा!"

मैदानाच्या फाटकाशी उतरेपर्यंत सगळं आम्ही ठरवल्यासारखं झालं. ती उतरली, अंग ताणलं, माझ्याकडे बघून मान हलवली आणि ऋतुजाचा हात धरून आत गेली. आम्हाला आत जायला परवानगी नव्हती.

बाहेर आईबापांची जत्रा होती. कुणी नगरकडचे, कुणी मावळातले, कुणी इंदापूर-बारामतीचे. फुटपाथवर चटया, डबे, पाण्याच्या बाटल्या. कुणाचंच जेवणात लक्ष नव्हतं. सगळे फाटकाकडे तोंड करून बसलेले. मला बसवेना. मी भिंतीच्या कडेनं फेऱ्या घालत होते. भिंतीला एका ठिकाणी फट होती, तिच्यातून आतली रांग दिसत होती. मुली उभ्या होत्या. रांग हलत नव्हती. सूर्य वर येत होता. मी साक्षीला शोधलं. ती टाचा वर करून उभी होती, मग खाली, मग एका पायावर, मग दुसऱ्या.

निजून आणलेली मुलगी उन्हात उभी होती. जेवढा वेळ ती गाडीत आडवी होती, त्यातला किती या रांगेनं परत घेतला असेल? मला त्या भिंतीवरून उडी मारून आत जावंसं वाटलं, तिला सांगावंसं वाटलं, अगं, खाली निज, तिथंच निज, लाजू नकोस. मी भिंतीवर हात आपटला असावा. शेजारचा एक माणूस म्हणाला, "ताई, पाणी घ्या."

सुरुवातीलाच बाहेर येणाऱ्या मुलींना बघून सगळे माना खाली घालायचे. इतक्या लवकर बाहेर येणं म्हणजे काय, ते फुटपाथवरच्या प्रत्येकाला कळत होतं. साक्षी त्यातच आली. बूट पायात, नाडी घट्ट बांधलेली, कपाळावर घामाचा थेंब नाही.

दत्ताभाऊ उठून उभे राहिले. ती आमच्यापाशी आली आणि म्हणाली, "पळूच न्हाई दिलं."

मग थोड्या वेळानं, "मॅडम चांगल्या व्हत्या. मी म्हणले म्हणून दोनदा मोजलं. दोन्ही येळेला तेवढंच आलं." तिनं करंगळीचं नख दाखवलं.

ऋतुजा मोजमापात बसली, पळूनही आली, पण त्या वर्षी लेखी परीक्षेत तीही नापास झाली. पण ते पुढचं. परतीच्या वाटेवर ऋतुजा मागे गादीवर झोपली आणि साक्षी पुढे बसली, बाप आणि मी यांच्या मध्ये. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. द्राक्षांच्या पेट्या भरलेले टेम्पो, रस्त्याकडेला कलिंगडांचे ढीग, दुपारचं ऊन काचेतून मांडीवर. जुन्नरच्या त्या हॉलमध्ये आम्हाला शिकवलं होतं की अशा वेळी आपण काही सुचवू नये, मुलीला बोलू द्यावं. ती बोलली असती तर ना. तिचा गुडघा मात्र माझ्या गुडघ्याला लागून सारखा हलत होता.

आळेफाट्याच्या पुढे, राजुरीच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "अण्णा, गाडी थांबवा."

दत्ताभाऊंना वाटलं, उलटी होतेय. त्यांनी कडेला घेतली. साक्षी माझ्या अंगावरून उतरली, नाडी तपासली आणि पळायला लागली.

भर उन्हात. डांबर चकाकत होतं. ती आमच्यापुढे पळत होती, मुठी घट्ट, मान पुढे. दत्ताभाऊंनी हॉर्न वाजवला नाही, हाकही मारली नाही. त्यांनी पिकअप पहिल्या गियरमध्ये टाकला आणि तिच्या मागून हळूहळू चालवायला लागले, मागची वाहनं अडवून. मागचा एक एसटीवाला ओरडला, तर त्यांनी खिडकीतून फक्त हात बाहेर काढून उंच धरला आणि तसाच ठेवला. दोन्ही बाजूंच्या वावरांतल्या बायका विळे घेऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "अगं बाई, कोण गेलं?" साक्षी त्या दिवशी जशी पळाली तशी कॅनॉलवर कधीच पळाली नव्हती. माझा हात मोबाईलकडे गेला होता. मी तो मांडीखाली दाबून ठेवला.

वेशीपाशी ती थांबली. वाकली. या खेपेला तिनं "किती?" विचारलं नाही. दत्ताभाऊंनी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. मी दुसऱ्या बाजूनं उतरले आणि बराच वेळ तिथल्या वडाच्या पारावर काही लिहिलं आहे ते वाचत असल्यासारखी उभी राहिले.

ऋतुजा पुढच्या वर्षी पोलिसात लागली. पेढे घेऊन सगळ्यात आधी साक्षीकडे गेली. मी तिथं होते. साक्षीनं दोन पेढे खाल्ले, तिला मिठी मारली, तिच्या नव्या बुटांची चौकशी केली. ते सगळं इतकं खरं होतं की ऋतुजाच रडायला लागली. मी घरी येऊन उगाचच कपाट आवरायला काढलं.

तेव्हापासून हे सुरू आहे माझं. बाकीच्यांचं ठीक चाललेलं असतं. नवीन मुली येतात, आता सात-आठ जणी असतात कॅनॉलवर. काहींची उंची भरते, काहींचा अभ्यास नसतो, काहींची लग्नं मध्येच ठरतात. मी वेळ लावते. पण प्रत्येकीकडे बघताना मनात एक हिशेब सुरू होतो: ही कुठं अडेल? मी जिला पळ म्हणते, तिला पुढे कोणतं फाटक आहे हे मला माहीत नसतं. जिला थांब म्हणेन, तिचं राहून गेलेलं पळणं माझ्या माथी येईल. दोन्हींच्या मध्ये मी दुकानाच्या दारात उभी असते. मला कुणी नेमलेलं नाही, माझ्याकडून कुणी काही मागत नाही, मग रात्रीची झोप कुणाच्या नावानं जाते?

साक्षीनं पळणं सोडलं नाही. वनरक्षकाला उंची कमी चालते, हे तिनंच शोधून काढलं. आमच्या भागात जंगल खात्याच्या माणसाला काम किती, ते सांगायला नको. पण जागा निघत नाहीत. निघणार, निघणार म्हणतात. दोन कांदे निघून गेले, जागा काही निघाल्या नाहीत. ती सकाळी पळते, दिवसा आळेफाट्याला एका पतपेढीत काम करते, संध्याकाळी पुस्तकं उघडते.

गेल्या आठवड्यात शालनवहिनी दुकानात आल्या. कांद्यावरच्या थ्रिप्सच्या किडीचं औषध मागितलं, मी काढून दिलं, तरी जाईनात. स्टुलावर बसल्या. पदरानं मान पुसली.

"वहिनी, एक स्थळ आलंय. पिंपरी पेंढारचं. पोरगा चाकणला कंपनीत. माणसं चांगली हायेत, हुंडाबिंडा काय न्हाई. पसंतीला आले तर इचारतात, मुलगी काय करती? म्या म्हणले पतपेढीत हाय. तर आमचा धाकटा मधीच बोलला, ती पळती. आता सांगा, हे काय सांगायचं असतं का पावण्यांना? मुलगी पळती!"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांचे डोळे भरले.

"तुमचं ऐकंल ती. माझं नाय ऐकत. तुमी सांगा तिला, बास झालं म्हणावं. त्या मैदानावरनं आली त्या दिवसापासून मला ती पळताना बघवत न्हाई. पुन्हा कुणी तसंच माघारी धाडलं तर? मी आई हाय, मी किती येळा बघू?"

मी म्हणाले, बोलते. दुसरं काय म्हणणार? त्यांचं काही खोटं नव्हतं. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते, फक्त त्यांच्याइतका सरळ विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅनॉलवर गेले. बाकीच्या मुली घरी गेल्यावर साक्षीला थांबवलं. पुलाच्या कठड्यावर बसलो. खाली पाणी जोरात चाललं होतं, कांद्यासाठी सोडलेलं शेवटचं आवर्तन. मी घसा साफ केला. तीच म्हणाली, "आई आली व्हती ना दुकानात?"

"आली होती."

"मग तुमी काय सांगायला आलात?"

मी रात्रभर जुळवलेलं सगळं आठवून पाहिलं. एकही वाक्य हाताला लागेना. "तेच कळत नाही गं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे वळली आणि खळखळून हसली. "बरं झालं. मला वाटलं तुमी पण भाषण करताय."

मग पाण्याकडे बघत तिनं सांगितलं. त्या मुलाचा नंबर तिनं भावाकडून घेतला होता. स्वतः फोन केला. म्हणाली, मला जागा निघाल्या की भरतीला उभं राहायचंय, लग्न झालं तरी. आणि रोज पळायचंय, जागा न्हाई निघाल्या तरी. चालंल का? तो म्हणाला, घरी विचारून सांगतो.

"मग?"

"मग काय? आज चार दिवस झाले. फोन न्हाई." तिनं खांदे उडवले. "यील न्हाईतर न्हाई यायचा. जागा निघतील न्हाईतर न्हाई निघायच्या. काकू, म्या घरात बसून कुणाकुणाची वाट बघू? बसलं की मला काहीच सुधरत न्हाई. त्या दिवशी रस्त्यानं पळाले ना, तवा पहिल्यांदा नीट श्वास आला. नोकरीसाठी पळते असं लोकांना सांगायला बरं पडतं. पण आज कुणी म्हणलं ना, की तुला जल्मात नोकरी न्हाई, तरी उद्या सकाळी मी इथंच दिसंन."

ती उठली. टाचा वर करून उभी राहिली, खाली आली. माझे पायसुद्धा कठड्यावरून सारखे हलत होते. ते तिनं पाहिलं असावं, कारण तिनं हात पुढे केला आणि मला उठवलं. थोडं अंतर आम्ही बरोबर चाललो, भरभर. मग ती पुढे निघून गेली, पतपेढीला उशीर होत होता.

दुपारी शालनवहिनी वावरातून परस्पर दुकानात आल्या. हाताला माती, केसांत पातीची सालं. दारातच थांबल्या, चप्पल काढली नाही.

"बोललात का?"

"बोलले."

"काय म्हणाली?"

"पळणार म्हणाली. जागा निघाल्या तरी, नाही निघाल्या तरी."

रस्त्यावरून कांद्यानं भरलेली ट्रॉली गेली, त्या तिच्याकडे बघत राहिल्या. ट्रॉली वळणाआड गेली तरी तिकडेच बघत होत्या. मला वाटलं, आता मला बोल लावतील, आणि लावला असता तर मी ऐकून घेतला असता.

"सकाळी कुठवर जाती ती?" त्यांनी विचारलं.

"कॅनॉलच्या वरच्या मोरीपर्यंत. आणि परत."

"लांब हाय की."

"आहे."

त्यांनी पदराला हात पुसले. "उपाशी जाती वो ती. पोटात काय नसतं. मी उठायच्या आधी जाती." मग म्हणाल्या, "उद्यापासनं मीच लवकर उठते."